आवाज बंद केला आणि भूतच पळालं! भयपटातली भीती कानात असते की डोळ्यात?

खिडकीतली

घरात नऊ महिन्यांचं बाळ असलं की भयपट बघायची एकच पद्धत उरते. रात्री साडेअकरा, सगळे दिवे बंद आणि टीव्हीचा आवाज शून्यावर. हेडफोन लावले तर बाळ उठलेलं कळत नाही, म्हणून तेही नाहीत.

गेल्या आठवड्यात असाच एक दारं आपटणारा, आरशात चेहरे दिसणारा सिनेमा पुन्हा पाहिला. कॉलेजात असताना हाच सिनेमा बघून मी आठवडाभर तोंड धुताना डोळे मिटले नव्हते. या वेळी चक्क हसू आलं. बाई दार उघडते, आत कुणीतरी उभं असतं, बाई तोंडाचा आ करते. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी. संपलं.

मी म्हटलं, चला, आई झाल्यावर आपण धीट झालो. मग परवा कियोशी कुरोसावाचा 'काइरो' (२००१) लावला. त्यात एका अंधाऱ्या जागी लांबून एक बाई चालत येते. हळू. मध्येच तिचा तोल जातो, ती विचित्र वाकते, सावरते आणि पुन्हा चालायला लागते. ती धावत नाही, ओरडत नाही. आवाज तर मी बंदच ठेवलेला. तरी मी उठून दिवा लावला.

तर प्रश्न असा की एका सिनेमातलं भूत आवाज काढून घेतल्यावर मेलं आणि दुसऱ्यातलं जिवंत राहिलं, हे कसं? वातावरण वातावरण म्हणतात ते नक्की कशाचं बनलेलं असतं? जाणकारांनी लिहा.

रातकिडा

रुमाल टाकून ठेवतो. रात्री हा धागा वाचायची हिंमत नाही, उद्या उजेडात येतो.

साऊंडवाला

माझ्या पोटापाण्याचा विषय निघाला. मी ध्वनिमिश्रणाचं काम करतो, भयपटही केलेत. त्यामुळे मी कानाच्या बाजूने, हे आधीच सांगून टाकतो.

खिडकीतली, तुमचा प्रयोग एकाने १९७८ सालीच करून ठेवलाय. जॉन कारपेंटरने 'हॅलोवीन' संगीत घालायच्या आधी एका मोठ्या स्टुडिओतल्या तरुण अधिकारी बाईंना दाखवला. बाईंना काडीची भीती वाटली नाही. मग त्याने स्वतःच बसून संगीत केलं, आणि तोच सिनेमा लोक खुर्चीचे हात धरून बघू लागले. ती पियानोची धून पाच मात्रांची आहे. आपले पाय चारला ठेका धरून बसलेले असतात आणि ती प्रत्येक वेळी एक पाऊल जास्त टाकते. कान सैलावतच नाही.

त्याच्या आधीचं उदाहरण हिचकॉकच्या 'सायको'चं (१९६०). स्नानगृहातल्या त्या प्रसंगाला संगीत नकोच, असं हिचकॉकचं म्हणणं होतं. बर्नार्ड हर्मनने तरीही ते लिहिलं, वाजवून दाखवलं, आणि हिचकॉकने मुकाट्याने ठेवून घेतलं. पूर्ण सिनेमाला फक्त तंतुवाद्यं आहेत. ढोल नाही, कर्णे नाहीत. त्या किंकाळ्या व्हायोलिनच्या आहेत. चाकूचा आवाज खरबुजात सुरा खुपसून काढलेला.

आता खरी गंमत. तीन वर्षांनी याच दोघांनी 'द बर्ड्स' केला, त्यात संगीतच नाही! ऑस्कर साला नावाच्या माणसाने ट्राउटोनियम या विजेवरच्या वाद्यातून काढलेले पक्ष्यांचे आवाज आहेत, आणि त्यांच्या मध्ये शांतता. हर्मन तिथे ध्वनीचा सल्लागार होता. म्हणजे संगीत नसणं हाही ध्वनीचाच निर्णय असतो.

उलटा_कोट

साऊंडवाला, छान लिहिलंत, पण पटलं नाही. मूकपटांचं काय? 'नॉस्फेरातू' १९२२ चा. जिना चढत जाणारी ती सावली, लांब बोटं, वाकडं डोकं. आवाजाचा पत्ता नाही आणि शंभर वर्षांनीही अंगावर येते.

कानवाल्यांनी उत्तर द्यावं. मी बसलोय.

जुनी_रीळ

उलटा_कोट, बसलेच आहात तर ऐका. मूकपट कधीच मूक नव्हते. चित्रपटगृहात पियानो असायचा, मोठ्या ठिकाणी अख्खा वाद्यवृंद. 'नॉस्फेरातू'साठी हान्स एर्डमानने खास संगीत लिहिलं होतं. पूर्ण शांततेत तो सिनेमा आपण बघतो, तेव्हाच्या लोकांनी नाही.

उलटा_कोट

एर्डमानचे आभार, अर्धी हार मान्य. पण सावली माझ्याकडेच राहील.

आणि खिडकीतलींच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं चालण्यातच आहे. 'रिंगू'मधली (१९९८) सादाको आठवा. त्या नटीला उलटं, मागे मागे चालायला लावलं, आणि मग रीळ उलटी फिरवून ती पुढे येतेय असं दाखवलं. काय चुकलंय ते आपल्याला सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे डोळ्याला लगेच कळतं. सांधे भलत्याच क्रमाने हलतात. 'काइरो'तल्या बाईचा तोल जाणं त्याच जातीचं. माणसाच्या चालीत हजार वेळा पाहिलेली गोष्ट एका जागी मोडली की मेंदू घंटा वाजवतो. त्याला आवाज लागत नाही.

दार उघडल्यावर 'भॉ' करणाऱ्या भुताचं तसं नाही. ते भूत म्हणजे नव्वद टक्के व्हायोलिन.

घाबरटमाऊली

मी भयपट बोटांच्या फटीतून बघणाऱ्यांपैकी. एक अनुभव नोंदवते. डोळे मिटले की भीती वाढते! बघत असताना निदान भूत चौकटीत असतं. डोळे मिटल्यावर ते खोलीभर होतं. आणि कानांना पापण्या नसतात हो.

आमचे हे शेजारी बसून "आता येणार, आता येणार" अशी समालोचना करतात. त्याने भीती जाते असं त्यांना वाटतं. दुप्पट होते.

रातकिडा

माऊली, नव्वद टक्के भीती "आता येणार"मध्येच असते. तुमच्या ह्यांना एखाद्या दिग्दर्शकाने नोकरीवर ठेवायला हवं.

(हो, रात्रीच वाचतोय. राहवलं नाही.)

जुनी_रीळ

रातकिडा गमतीत बोलले, पण मुद्दा तोच आहे. १९४२ चा 'कॅट पीपल' बघा. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक झाक तूर्नर. हाताशी पैसे थोडे, त्यामुळे श्वापद धड दाखवायची सोय नाही. एक तरुणी रात्री बागेच्या भिंतीकडेने चालली आहे. मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज. दिव्याखालून उजेड, मग अंधार, पुन्हा उजेड. मग मागच्या टाचा वाजायच्या थांबतात. फक्त थांबतात. हिची चाल वाढते. आणि कानाशी श्वापदाच्या फिसकारण्यासारखा आवाज येतो, तो निघतो बसच्या ब्रेकचा! बस येऊन उभी राहते, चालक विचारतो, चढताय ना?

या युक्तीला सिनेमावाले आजही ल्यूटनची बस म्हणतात. नंतरच्यांनी तिच्यातली बस तेवढी घेतली. मांजर अंगावर उडी मारतं, मित्र खांद्यावर हात ठेवतो, फोन वाजतो. बसच्या आधीच्या टाचा घ्यायला विसरले.

ल्यूटनच्या हाताखाली तयार झालेल्या रॉबर्ट वाइजने १९६३ साली 'द हॉन्टिंग' केला, त्यात तर भूत दिसतच नाही. दाराबाहेर कुणीतरी धडका देतंय, दार आत फुगतंय, एवढंच. आणि अंधारात घाबरून मैत्रिणीचा हात घट्ट धरून बसलेली ती नायिका. दिवा लागतो तर मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मग हात कुणाचा होता?

घाबरटमाऊली

अहो, स्पॉइलर!!

जुनी_रीळ

माऊली, साठ वर्षं झाली सिनेमाला.

घाबरटमाऊली

मला आज झोपायचं होतं ना. आता हात पांघरुणात घेऊन झोपावं लागणार.

शब्दपिसू

थोडं भाषेचं अवांतर करते, हलके घ्या. या धाग्यावर सगळ्याला 'भीती' म्हणणं चाललंय, म्हणून गोंधळ होतोय. आपल्याकडे याला वेगवेगळे शब्द आहेत. दचकणं एका क्षणाचं, कारण कळलं की हसू येतं. भेदरणं म्हणजे समोर काहीतरी आहे आणि पाय हलत नाहीत. धास्ती म्हणजे अजून काही झालेलंच नाही, पण होईल. धसका म्हणजे होऊन गेलं आणि जात नाही. खिडकीतलींच्या पहिल्या सिनेमात नुसतं दचकणं होतं, ते आवाजावर चालतं. दुसऱ्यात धास्ती होती. आणि कॉलेजात आठवडाभर डोळे उघडे ठेवून तोंड धुतलं तो धसका.

साऊंडवाला

शब्दपिसू, हे मी कामावर वापरणार. आमच्याकडे दिग्दर्शक येऊन "इथे जरा भयानक कर" म्हणतात. आता विचारीन, दचकवू की धास्ती लावू?

कारण दोन्हीची कामं उलटी आहेत. दचकवायचं तर आधी आवाज खाली न्यायचा आणि एकदम वर उडवायचा, एवढंच. धास्तीला वेळ लागतो. प्रत्येक जागेला स्वतःचा एक सुन्नपणा असतो. चित्रण झाल्यावर आम्ही सगळ्यांना गप्प उभं करून रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करतो, त्याला रूम टोन म्हणतात. पंख्याची घरघर, लांबची रहदारी, तारांची गुणगुण. प्रेक्षकाला तो ऐकू येतोय हे कळतही नाही. आता तो हळूहळू काढून घ्या. आधी रहदारी, मग कीटक, मग पंखा. कुणीही सांगू शकणार नाही काय झालं, पण सगळे ताठ बसतात. धास्ती म्हणून काही घालावं लागत नाही, काढावं लागतं.

घालायचंच झालं तर वॉटरफोन आहे. पोलादी भांड्यात थोडं पाणी, कडेने पितळेसारख्या काड्या, त्यांवर गज फिरवायचा. पाणी हललं की सूर वितळल्यासारखा सरकतो. तुम्ही तो शंभर सिनेमांत ऐकलाय. इतका, की आता मला तो ऐकला की झोप येते.

प्रश्नचिन्ह_मोठं

हे सगळं ठीक, पण खरं कारण इन्फ्रासाऊंड आहे. ऐकू न येणारा आवाज सिनेमात मिसळतात आणि आपल्याला भुतं दिसायला लागतात. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. १९ हर्ट्झ. शोधा म्हणजे सापडेल.

साऊंडवाला

प्रश्नचिन्ह, थोडं खरं, बरंच ताणलेलं.

खरी गोष्ट अशी. विक टँडी नावाचे इंग्लंडमधले एक अभियंते होते. त्यांच्या प्रयोगशाळेत लोकांना अस्वस्थ वाटायचं, त्यांना स्वतःला डोळ्याच्या कडेला काहीतरी करडं दिसलं. दुसऱ्या दिवशी शेगड्यात (लोखंडी पकडीत) धरलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं, तेव्हा त्यांनी शोध घेतला. नवा बसवलेला पंखा सुमारे १९ हर्ट्झचा आवाज करत होता. पंखा दुरुस्त, भूत गायब. १९९८ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. पण ती एका खोलीची हकीकत आहे. १९ हर्ट्झ ऐकवलं की सगळ्यांना भूत दिसतं, असं त्यावरून निघत नाही.

आणि मुख्य अडचण वेगळीच. १९ हर्ट्झची एक लाट साधारण १८ मीटर लांब असते. तुमच्या टीव्हीचे चपटे स्पीकर १०० हर्ट्झखालीच धापा टाकतात. मोबाइलचं तर बोलूच नका. घरी भीती वाटत असेल तर ती दिग्दर्शकाची कमाई आहे, इन्फ्रासाऊंडची नाही.

प्रश्नचिन्ह_मोठं

म्हणजे तुम्हाला सांगायची परवानगी नाही. समजलो.

निगेटिव्ह

कानवाल्यांनी धागा पळवला, म्हणून उजेडवाल्यांतर्फे हजेरी.

भयपटात काळोख किती यापेक्षा काळोख कुठे, हे बघा. 'द इनोसंट्स'चं (१९६१) छायाचित्रण फ्रेडी फ्रान्सिसचं. पडदा रुंद होता, दिग्दर्शकाला तर कोंडल्यासारखं वाटायला हवं होतं. याने कडेला रंगवून गडद केलेले फिल्टर वापरले. मध्ये मेणबत्ती, दोन्ही कडांना अंधार. सबंध सिनेमाभर आपली नजर कडांकडे सरकत राहते. तिथे बहुतेक वेळा काहीच नसतं.

'द एक्सॉर्सिस्ट'मध्ये (१९७३) त्या मुलीच्या खोलीत श्वासाची वाफ दिसते ना? ती युक्ती नाही. सेटवरची खोलीच प्रचंड थंड केली होती. नट खरोखर कुडकुडत होते. भीतीचा अभिनय करणं सोपं, थंडीत ओठ आखडणं कसं करून दाखवणार? आपल्या 'तुंबाड'मध्ये (२०१८) हेच पावसाने केलंय. खऱ्या पावसात वर्षानुवर्षं थांबून थांबून चित्रण केलं. त्या सिनेमात कोरडी अशी वस्तूच नाही. भिंत ओली, कपडे ओले, उजेडही ओला. त्यातला राक्षस हस्तर यायच्या आधीच आपल्याला बुरसट वास येऊ लागतो.

आता राग काढतो. हे सगळं लोक बघतात कुठे? दुपारी, खिडकी उघडी, मोबाइलवर, तेही डेटा वाचवून. अंधाराच्या छटा दाबून पाठवल्या की काळ्याचे चौकोनी ठोकळे होतात. छायालेखकाने महिनाभर बसून रचलेला अंधार, आणि प्रेक्षक म्हणतो, काही दिसत नाही राव.

रातकिडा

काही दिसत नाही राव म्हणणारा तो मीच.

पुढील_भागात

कुणी टीव्हीबद्दल बोलेना म्हणून लिहिते. आमच्या पिढीची भीती 'आहट'ने घडवली. १९९५ पासून. आज ते मुखवटे बघितले तर दया येते, पण तेव्हा मालिका संपल्यावर टीव्ही बंद करायला कुणी उठायचं यावर घरात भांडण. तेव्हा वाटायचं जाहिराती मध्ये आल्या की भीती जाते. आता वाटतं, जाहिराती नसत्या तर गेली असती. बाई दाराच्या कडीला हात लावते आणि तीन मिनिटं साबण. त्या तीन मिनिटांत दारामागे मी जे उभं केलं, ते कुठल्या निर्मात्याला परवडलं नसतं. 'रात्रीस खेळ चाले'च्या (२०१६) वेळी तर दोन भागांच्या मधला अख्खा दिवस त्यात जायचा.

सिनेमाला जाऊन आपण घरी परततो. टीव्ही घरातच असतो. बीबीसीने १९९२ साली ३१ ऑक्टोबरला 'घोस्टवॉच' दाखवलं. एका झपाटलेल्या घरातून थेट प्रक्षेपण चाललंय असं नाटक, आणि सूत्रसंचालक मायकेल पार्किन्सन, म्हणजे लोकांच्या रोजच्या विश्वासातला चेहरा. खूप लोकांना ते खरंच वाटलं, फोनवर फोन. बीबीसीने ते पुन्हा कधी टीव्हीवर दाखवलं नाही. भूत त्यात काही क्षण खिडकीच्या पडद्यापाशी, काचेत वगैरे दिसतं. कुणी बोट दाखवत नाही. 'हिल हाउस'च्या मालिकेतही (२०१८) मागे कोपऱ्यात कितीतरी भुतं नुसती उभी आहेत.

आणि 'ट्विन पीक्स'ची गोष्ट माझी सगळ्यात लाडकी. सेट सजवणारा फ्रँक सिल्व्हा चुकून आरशात दिसला. दुसऱ्या कुणी पुन्हा चित्रण केलं असतं. डेव्हिड लिंचने त्यालाच मालिकेतला सैतान करून टाकलं.

उलटा_कोट

पुढील_भागात, जाहिरातीचा मुद्दा मानला. आता फक्त 'पुढचा भाग आपोआप सुरू' होतो, धास्तीला सवडच नाही.

अवांतर: तात्या विंचूचं नाव अजून कुणी घेतलं नाही?

घाबरटमाऊली

नका घेऊ. 'झपाटलेला' सगळे हसत बघायचे, मी कपाटातली बाहुली उलटी करून ठेवायचे.

निगेटिव्ह

माऊली, तुमचं बरोबर आहे. रामदास पाध्यांची ती बाहुली नीट बघा. पापण्या हलतात, जबडा हलतो, बाकी चेहरा गोठलेला. विनोद काढून घेतला तर उरतं ते निखळ भयानक आहे. तिथे हसणं हाच उतारा होता.

जुनी_रीळ

पुन्हा कानाकडे येतो. 'महल' (१९४९) कुणाला आठवतो? 'आयेगा आनेवाला' लांबून येत येत जवळ येतं. तेव्हा आजच्यासारखी सोय नव्हती. लताबाईंनी सांगितलेली हकीकत अशी की माइक मधोमध ठेवला आणि त्या दूर उभ्या राहून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. म्हणजे ते अंतर खरं आहे. उलटा_कोट, चालच तुमची, फक्त कानाने ऐकायची.

उलटा_कोट

हे मात्र जबरदस्त. उरलेली अर्धी हारही घ्या.

खिडकीतली

एवढे प्रतिसाद! सगळे वाचले, दिवसा.

काल उलटा प्रयोग केला. नवऱ्याला बाळाच्या खोलीत बसवलं, आवाज बेताचा ठेवला आणि टीव्हीकडे पाठ करून सोफ्यावर पडून राहिले. आधी तो माशासारखा आ करणारा सिनेमा. दचकले चार वेळा, पाचव्यांदा कंटाळा आला. आवाज कुठे खाली जातोय ते कळायला लागलं, की पुढे काय हे ठरलेलंच.

मग 'द शायनिंग' (१९८०). त्यात तो पोरगा तीनचाकी घेऊन हॉटेलच्या मोकळ्या बोळांतून फिरतो. कॅमेरा त्याच्या पाठोपाठ जमिनीलगत सरकतो, हे मला आठवत होतं, पण बघत नव्हते. नुसतं ऐकत होते. लाकडावर चाकं घडघड घडघड, गालिचा आला की गप्प, पुन्हा घडघड. दुसऱ्यांदा गालिचा आला तेव्हा मी श्वास धरून होते. पोरगा ठीक होता. अजून काही झालेलंच नव्हतं. तिसऱ्या गालिच्याला मी वळून पडद्याकडे बघितलं, कारण न बघणं जास्त अवघड झालं होतं.

त्यामुळे कान की डोळा, मला अजून सांगता येत नाही. उलटा_कोट आणि साऊंडवाला यांनी आपसात मिटवावं.

एक मात्र नोंदवते. एवढ्या किंकाळ्या, दारं, व्हायोलिन, बाळ ढिम्म हललं नाही. शेवटी मी टीव्ही बंद केला, घरात एकदम सामसूम झाली, आणि ते टक्क जागं झालं.

साऊंडवाला

रूम टोन बदलला ना! मोठं झालं की माझ्याकडे पाठवा.